चार नंबरची तार

साहेब कंपनीच्या बसमध्ये चढले की आधी ड्रायव्हरच्या मागची सीट रुमालाने झटकत, मग बसत, आणि बस पेणच्या बाहेर पडायच्या आत ड्रायव्हरला पहिली सूचना देत.

"तिसरा टाक."

ड्रायव्हर उभा जन्म गाडी चालवत आलेला माणूस. तो तिसरा टाकायचा नाही. आहे त्याच गिअरमध्ये ठेवायचा आणि नुसता हात दांड्यावर ठेवून काढायचा. साहेब समाधानाने मागे रेलायचे. "बघ, आता कशी पळते!"

हे रोज. पेण ते रोहा, आठवड्यातले सहा दिवस. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसायचे, म्हणून माझ्याकडे वळून ते पुढे म्हणायचे, "यंत्राची नस कळायला लागते, मॅडम." मी मान डोलवायचे. सकाळी सात वाजता वाद घालायची ताकद माझ्यात कधीच नव्हती, आणि साहेबांशी वाद घालायला तर दुपारची भाकरी पोटात लागायची.

रोह्याच्या एमआयडीसीत आमची केमिकलची कंपनी होती. मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट, आणि साहेब लॅबमधल्या सगळ्या यंत्रांचे प्रमुख. फोन आला तर सगळे 'लॅबमधून बोलतोय' म्हणायचे. साहेब म्हणायचे, "लॅब बोलतेय." आणि त्यांना ते खरंच वाटायचं.

भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवून लावली होती: 'यंत्र खोटे बोलत नाही. माणूस बोलतो.' नवा माणूस लॅबमध्ये आला की आधी त्याला त्या पाटीखाली उभं करून मोठ्याने वाचायला लावत. मीही वाचली होती. तेव्हा मला ते वाक्य फार खोल वाटलं होतं. मी तेवीस वर्षांची होते.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, पेणला, कसल्याशा फायली पोचवायला. टीव्ही, मिक्सर, गिझर, पंखा, सगळ्यांवर चिकटपट्टीने सूचना लावलेल्या. मिक्सरवर 'आधी झाकण, मग बटण', फ्रिजवर 'विचार करून उघडा'. काकूंनी चहा आणला. कपबशीवर काही लिहिलेलं नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटलं. साहेब आत फायली ठेवायला गेले तशा काकू हळूच म्हणाल्या, "माझ्यावरपण लावणार होते. मी म्हटलं, लावा, पण कुठे लावायची ते मी सांगेन."

एका वर्षी गणपती ठरवायला ते जोह्याला, पेणजवळच्या मूर्तिकारांच्या गावी, गेले होते. कारखान्यात शेकडो मूर्ती वाळत ठेवलेल्या, पण साहेब पाहत बसले नाहीत. त्यांनी खिशातून आलेखाचा कागद काढला. सोंडेचा कोन, पोटाचा घेर, उंदराचं अंतर, सगळं मापात. मूर्तिकाराच्या तीन पिढ्या त्या मातीत गेलेल्या. त्याने कागद उभा धरला, आडवा धरला, आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, असं करा ना. तुम्हीच बसा पाटावर. आम्ही तुम्हालाच रंगवतो." ही गोष्ट साहेब स्वतःच बसमध्ये सांगायचे, कारण त्यांना तो आपला गौरव वाटला होता.

पण त्यांचा खरा जीव होता लॅबमधल्या लॅपटॉपवर.

हा लॅपटॉप म्हणजे पोळपाटाएवढा जाड, काळा, बिजागरी तुटलेला डबा. पडदा मागे पडू नये म्हणून त्याला विटेचा आधार. आमच्या सगळ्यांच्या खिशात त्याच्यापेक्षा हुशार फोन होते. पण मालातली ओल मोजायचं जे यंत्र होतं, त्याचा प्रोग्रॅम फक्त ह्याच डब्यावर चालायचा. यंत्राची स्वतःची आकडे दाखवायची पट्टी कधीच मेली होती. त्यामुळे यंत्र मोजणार, तारेतून आकडा लॅपटॉपला पाठवणार, आणि लॅपटॉप दाखवील तो आकडा खरा. त्यावर माल पास किंवा नापास. ओल अर्ध्या टक्क्याच्या वर गेली की अख्खी बॅच परत.

साहेब त्याच्यासमोर बसण्याआधी बूट काढत. रात्री त्याच्यावर काकूंच्या हातचा भरतकाम केलेला उशीचा अभ्रा घालत. टेबलाभोवती त्यांनी जमिनीवर पिवळा पट्टा मारला होता. पट्ट्याच्या आत चहा न्यायचा नाही. पट्ट्याच्या आत कपाचे गोल डाग होते, सगळे साहेबांचे.

आणि ह्या लॅपटॉपला त्यांनी मोडेम जोडला होता. म्हणजे तो त्याच्या पोटातच होता, झोपलेला. साहेबांनी एका रविवारी येऊन त्याला जागा केला आणि लॅबच्या फोनची तार त्याला लावली. मुंबईच्या हेड ऑफिसला मालाचं सर्टिफिकेट थेट लॅपटॉपमधून फॅक्स. शेजारच्या खोलीत चांगलं फॅक्स मशीन होतं. पण तिथपर्यंत कागद घेऊन चालत जाणं साहेबांना अशिक्षितपणाचं लक्षण वाटायचं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते फॅक्स पाठवून दाखवत. लॅपटॉप किंचाळायचा, साहेब डोळे मिटून ऐकायचे.

आमच्या लॅबमध्ये यमुनाबाई होत्या. धरमतर खाडीच्या काठच्या, पन्नाशीला आलेल्या. आईबाप मिठागरावर राबलेले, त्याही लग्नापर्यंत तिथेच. नवरा गेल्यावर कंपनीत झाडलोटीला लागल्या, बाटल्या धुता धुता नमुने तोलायला शिकल्या आणि पुढे दुपारची ओलीची चाचणी त्यांच्याकडेच आली. सकाळची माझ्याकडे. खरं सांगायचं तर त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. पावडर चमच्यावर घेऊन त्या काट्यावर एकदाच टाकायच्या, आणि वजन हवं तेवढंच भरायचं.

त्या पावसाळ्यात दुपारच्या बॅचेस नापास व्हायला लागल्या. रोज नव्हे, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. सकाळचे माझे आकडे ठीक, दुपारचे बाईंचे वाकडे. ०.७, ०.८. खाली प्लांटमध्ये बोंबाबोंब. तोच माल दुसऱ्या दिवशी मी तपासला की ०.४८.

साहेबांनी निदान करायला अर्धं मिनिटही घेतलं नाही.

"नमुन्याची बाटली उघडी ठेवता तुम्ही, बाई. हवेतली ओल शिरते आत."

"नाय ठेवत, साहेब. लगेच बूच लावतंय."

"मग यंत्र खोटं बोलतंय?" साहेबांनी पाटीकडे बोट केलं. मग आमच्याकडे वळून, हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खाडीकाठची माणसं. हातालाच ओल असते."

दोघं-तिघं हसले. मीही हसले असेन. नसेन, असं आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

बाईंनी बाटलीला बूच लावून ती जागेवर ठेवली. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माजा जल्म मिठागरावर गेला गो बाय. मिठाला ओल कवा लागते, कशी लागते, ते मना हा मानूस शिकवतंय."

बाईंनी मग लक्ष ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पाठकोऱ्या कागदांची वही होती. तिच्यात त्या प्रत्येक चाचणीची वेळ आणि आकडा लिहायला लागल्या, आणि शेजारी कधी एक गोल काढायच्या. दहा-बारा दिवसांनी त्यांनी ती वही जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर धरली.

"हा गोल कसला?" मी विचारलं.

"फोन वाजला त्याचा."

जिथे आकडा वाकडा, तिथे गोल. एकही चुकला नव्हता. हेड ऑफिसचा माणूस रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास फोन करायचा, रिझल्ट आला का विचारायला. त्याचा फोन चाचणी संपता संपता आला, की आकडा बिघडायचा. आधी किंवा नंतर आला, की आकडा सरळ.

आम्ही दोघी वही घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली नाही, लांबूनच पाहिली.

"म्हणजे मुंबईहून फोन आला की आमच्या मालाला घाम फुटतो?"

"ते मना नाय माहीत. फोन वाजला का आकडा वाकडा येतो, येवडं माहीत."

"बाई, याला अंधश्रद्धा म्हणतात. उद्या लिंबू टांगाल लॅपटॉपला."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात मेमो पडला. 'कामात वारंवार निष्काळजीपणा. नमुने उघडे ठेवणे. वरिष्ठांशी हुज्जत.' खाली साहेबांची लांबलचक सही, तिच्या शेवटी दोन टिंबं. फॅक्टरी मॅनेजरने बाईंना पॅकिंगमध्ये हलवायचं ठरवलं. तिथे दिवसभर उभं राहून पिशव्या शिवायच्या, आणि पुढच्या वर्षी माणसं कमी करायची वेळ आली की पहिली यादी पॅकिंगची निघते, हे कंपनीतल्या मांजरालाही माहीत होतं. बाईंनी मॅनेजरला एवढंच म्हटलं, "एकदा माज्या समोर उभं राहून बगा, मंग कुटं टाकायचं तिकडं टाका."

मॅनेजर शहाणा माणूस होता. तो गुरुवारी आला.

आम्ही आधीच ठरवलं होतं. यंत्र शेवटचा आकडा पाठवायच्या बेतात आलं की त्याचा हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. तेव्हा बाईंनी दाराकडे पाहायचं, आणि मी बाहेर पॅसेजमध्ये मोबाइलवर लॅबचा नंबर लावायचा. एरवी मी असली कामं करणारी मुलगी नव्हे. हाताला एवढा घाम आला होता की साहेबांनी पाहिलं असतं तर मलाही खाडीकाठची ठरवलं असतं.

पहिली चाचणी फोनशिवाय झाली. बाईंनी पावडर घेतली, बूच लावलं, तोललं, सोडलं. सगळे लॅपटॉपकडे पाहत होते. ०.४६.

"बरोबर तर आहे," मॅनेजर म्हणाला.

"आज चारजण बघताहेत म्हणून," साहेब म्हणाले.

"त्याच बाटलीतला परत लावते," बाई म्हणाल्या. दिवा लुकलुकला, त्यांनी दाराकडे पाहिलं, मी बटण दाबलं. भिंतीवरचा फोन खणखणला. लॅपटॉपवर आकडा आला: ०.६.

बाईंनी तिसऱ्यांदा लावलं, फोनशिवाय. ०.४६. चौथ्यांदा, फोनसकट. ०.४.

मॅनेजर पुढे वाकला. "ह्यातला एक आकडा गळतोय. मघाशी चार गळला, आता सहा गळला." मग सरळ उभा राहून सावकाश साहेबांकडे वळला. "म्हणजे ०.५३ असलेला माल ०.३ दाखवून पास होऊन गेला असेल, तर?"

साहेब त्या वेळी पहिल्यांदा पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभे होते. म्हणाले, "मी हेच आज दाखवणार होतो."

मॅनेजर गेल्यावर त्यांनी बूट काढले आणि लॅपटॉप उघडून आतल्या यादीत शिरले. मी मागे उभी होते. लॅपटॉपला जी जी वस्तू जोडलेली असते, तिला 'मला बोलायचंय' असं सांगायला एकेक क्रमांकाची तार दिलेली असते, असं त्यांनी मला समजावलं. खरोखरची तार नव्हे, पण तशीच समजा. ओलीच्या यंत्राला चार नंबरची तार होती. आणि साहेबांच्या मोडेमलाही चार नंबरचीच. फोन वाजला की मोडेम जागा व्हायचा आणि मध्येच बोलायचा, आणि त्याच क्षणी यंत्र आकडा सांगत असेल तर त्यातलं एखादं अक्षर लॅपटॉपला ऐकूच यायचं नाही.

यादीत मोडेमच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं.

"हे आजच आलं का?" मी विचारलं.

"ते असतं पहिल्यापासून."

"म्हणजे तुम्ही पाहिलं होतं?"

"मॅडम, पिवळं आहे. लाल नाही. सिग्नलला पिवळ्यावर कोण थांबतं?"

उपाय सोपा होता. मोडेम बंद करायचा. शाळेतल्या पोरानेही तो सांगितला असता. पण तो मोडेम साहेबांनी जागा केला होता, म्हणून पुढचे दोन दिवस त्यांनी दोघांना एका घरात नांदवायचा चंग बांधला. मोडेम पाच नंबरवर नेला, तर तिथे आवाजाचं कार्ड होतं. लॅपटॉप मुका झाला, आणि फॅक्स पाठवला की गाढवासारखा ओरडला. सात नंबरवर नेला, तर प्रिंटर अर्धं सर्टिफिकेट छापून थांबायला लागला. एका ग्राहकाला आमचा माल 'तपासून खात्री' एवढाच असल्याचा कागद गेला. तीन नंबरवर नेला, तर माउस गोठला. साहेब कागदावर सोळा चौकोनांचा तक्ता काढून खोडत बसायचे, आणि दर तासाला कोणीतरी दारातून विचारायचं, "साहेब, आज मोडेम कुठे राहायला आहे?"

शनिवारी संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, सुरुवातीच्या निळ्या पडद्यात शिरले आणि मोडेम बंद केला. दोन मिनिटांचं काम. मग अभ्रा घातला, नीट टोकं ओढली आणि बसमध्ये ड्रायव्हरला एकही सूचना न देता पेणपर्यंत आले. ड्रायव्हर काळजीने दोनदा मागे वळून बघत होता.

बदलीचा कागद आधीच निघाला होता, म्हणून बाई शुक्रवारपासून पॅकिंगमध्ये होत्या. सोमवारी मॅनेजरने त्यांना निरोप धाडला: लॅबमध्ये परत या. बाई पॅकिंगमध्येच राहिल्या.

"मेमो फाइलीत हाय," त्या मला म्हणाल्या. "हुकूम तोंडी. तोंडाचं वाऱ्यावर जातं. ज्या हातानं लिवलं त्याच हातानं लिवून द्यावं."

मी साहेबांना सांगितलं. ते आधी हसले, मग चिडले, मग खुर्ची देऊ म्हणाले, नवा ॲप्रन देऊ म्हणाले. लिहिण्याचं नाव काढेनात. दोन दिवस दुपारच्या चाचण्या साहेबांनी स्वतः केल्या. त्यांची पावडर काट्यावर कमी आणि टेबलावर जास्त पडायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेटरहेड मागवलं.

पहिला कागद मी पॅकिंगमध्ये नेला. 'सदर घटनेत चूक लॅपटॉपची होती.' बाईंनी वाचला आणि परत दिला. "लॅपटॉपनं मेमो नव्हता दिला."

दुसरा: 'सदर चूक तांत्रिक स्वरूपाची होती.'

"तांत्रिक म्हंजे कोन? ह्या नावाचा कोनी मानूस हाय लॅबमदी?"

तिसऱ्यावर साहेबांनी अख्खी दुपार घालवली. 'चूक आमची होती.' बाईंनी तो जरा जास्त वेळ पाहिला. मला वाटलं, आता घेतील.

"आमची म्हंजे कोनाकोनाची गो? तुजी पन? माजी पन?"

मी परत आले. साहेब टेबलाशी मान खाली घालून बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी कोरा कागद ओढला, बराच वेळ पेन धरून राहिले, आणि एका झटक्यात लिहून, सही करून, माझ्याकडे न बघता कागद पुढे केला. सही नेहमीपेक्षा निम्मी होती.

पॅकिंगमध्ये शिलाईची मशीनं चालू होती. बाईंनी हात पुसले, अक्षरांखालून बोट फिरवत कागद वाचला आणि माझ्याकडे दिला.

"वाच गो. मोठ्यानं."

"तुम्ही वाचलंत की."

"मी वाचलं. ह्यांनी नाय वाचलं."

एकेक मशीन थांबलं. आठ-दहा बायका माना वर करून बघायला लागल्या. मी वाचलं: "यमुनाबाईंचा यात काहीही दोष नव्हता. मी दिलेला मेमो रद्द समजावा. चूक माझी होती."

तेवढ्यात मागे पावलं वाजली. साहेब आले होते, धापा टाकत, हातात उघडं पेन. लॅबपासून पॅकिंगपर्यंत ते चालत आलेले मी कधी पाहिले नव्हते, आणि आज तर धावत आले होते.

"मॅडम, कागद जरा द्या. शेवटच्या वाक्यात एक 'पण' राहिलाय."

माझा हात पुढे जाण्याआधी बाईंनी कागद माझ्याकडून काढून घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि पोलक्यात ठेवला.

"राहू दे साहेब," त्या म्हणाल्या. "फाइलीला झेरॉक्स लावू." आणि खुंटीवरचा ॲप्रन काढून लॅबकडे चालू लागल्या.